बिलावर १५ टक्के? जोत्यापर्यंत ठीक

प्रश्न: दहिसरच्या गावठाणातलं वडिलोपार्जित घर पाडून तळमजला अधिक एक, असं १,६०० चौरस फुटांचं घर बांधतोय. परवानग्या हातात आहेत. एक कंत्राटदार मटेरियलसकट फुटाला २,९०० रुपये, म्हणजे ४६.४० लाख मागतो. दुसरा म्हणतो, ‘जे बिल होईल ते द्या, वर माझे १५ टक्के.’ त्याचा अंदाज ३६ लाख, टक्के धरून ४१.४०. कर्ज २५ लाखांचं मंजूर आहे, बाकी एफडी. निवृत्तीला चार वर्षं आहेत. पाच लाख वाचतात, तर दुसऱ्याला काम द्यावं का?

उत्तर: वाचतीलच असं धरू नका. पहिल्याने दर सांगितलाय, दुसऱ्याने अंदाज. ३६ चे ४१ लाख झाले की टक्क्यांसकट ४७.१५ होतात, आणि त्या वाढीव पाचांत कंत्राटदाराला ७५ हजार जास्त सुटतात. माणूस सज्जन असेलही, पण काटकसर केली की त्याचीच कमाई घटते. अमेरिकेच्या केंद्र सरकारला खर्चावर टक्केवारी देणारे असे करार करायला कायद्यानेच मनाई आहे.

आई-वडिलांच्या घराचं काम मी असंच दिलं होतं. मालासोबत आलेल्या डिलिव्हरी चलनावर १२ एमएमची सळई १,२०० किलो. संध्याकाळी सहज नग मोजले, तर ९६. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला ०.८९ किलो, बारा मीटरचा नग १०.६७ किलोचा. सगळे मिळून जेमतेम १,०२४. वजनात पाचेक टक्के इकडेतिकडे चालतं, पंधरा नाही. ‘साहेब, काट्याचा प्रॉब्लेम असेल,’ कंत्राटदार म्हणाला. असेलही. पण न आलेल्या १७६ किलोंचे पैसे मी भरले होते, वर त्यावरचे त्याचे टक्केसुद्धा.

तरीही तुम्हाला मी हा करार सरसकट नको म्हणणार नाही. जुनं घर पाडल्यावर खाली भराव निघेल, पाणी लागेल की शेजाऱ्याचा पाया आडवा येईल, हे आज कोण सांगणार? त्यात गावठाणाच्या बोळात ट्रक शिरत नाही. खडी-रेती बाहेर उतरवून घमेल्यांनी आत न्यायची. फुटाचा दर देणारा ही सगळी धास्ती दरात धरतो, आणि खाली काहीच निघालं नाही तर ते पैसे त्याच्याच खिशात राहतात. म्हणून जोत्यापर्यंत, म्हणजे पायापासून तळमजल्याच्या जमिनीच्या पातळीपर्यंत, प्रत्यक्ष खर्च अधिक मोबदला, जोत्याच्या वर फुटाचा दर. माणूस एकच, कागद दोन.

जोत्यापर्यंतचा मोबदला मात्र टक्क्यांत नको, ठोक रकमेत ठरवा आणि एकूण खर्चाला कमाल मर्यादा घाला. त्यापलीकडे तुमच्या लेखी होकाराशिवाय एक रुपया नाही. ‘खर्च’ म्हणजे काय तेही लिहून घ्या: त्याची गाडी, त्याचा फोन, चुकलेलं काम तोडून पुन्हा करणं, यातलं काही त्यात येत नाही. सिमेंट-सळईचे पैसे थेट डीलरला, बिल तुमच्या नावावर; मग डीलरची सूटही तुमचीच. हजेरीवर रोज संध्याकाळी तुमची सही.

‘जीएसटी वेगळा’ का, हे दोघांनाही विचारा. ४१.४० लाखांवर १८ टक्के लागला तर ७.४५ लाख होतात, बचत संपली. स्वतंत्र एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या करारावर जीएसटी नाही, त्यामुळे मटेरियल स्वतः घेण्याचा इथेही फायदा.

कर्जाचं म्हणाल तर बँक काम बघून टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, तेही मंजूर रकमेपर्यंतच. वाढलेला खर्च तुमच्या एफडीतून जाणार. ४६.४० मधून कर्ज वजा जाता तुमच्या वाट्याच्या एकवीस लाखांवर आणखी पाच हाताशी नसतील, तर वरच्या मजल्याच्या लाद्या आणि रंग पुढच्या वर्षावर टाका. पीएफ मोडू नका.

करारावर सही करण्याआधी आर्किटेक्टला अंगणात एक चाचणी खड्डा घ्यायला सांगा. कमाल मर्यादेचा आकडा तो खड्डा बघून मगच लिहा.