वाचकांचे प्रश्न : तीन फायलींचा वाद

प्रश्न : मी दादरला राहते आणि एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आम्ही वापरत असलेल्या एका मोफत सॉफ्टवेअरच्या मालकीवरून परदेशात दावा दाखल झाल्याचे कळताच आमच्या साहेबांनी त्यावरचे काम थांबवले. निकाल लागण्यापूर्वीच एवढी धास्ती कशाला? कंपन्यांच्या चढाओढीतूनच नवे काही निघते ना?

उत्तर : चढाओढीतून निघते, हे खरेच, पण ‘हे मुळात कोणाचे?’ हा प्रश्न कोर्टात लोंबकळू लागला की चढाओढ उरत नाही, नुसते थांबणे उरते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील मंडळींनी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत वर्षानुवर्षे भर घातली, मूळ कंपनीचा कोड (म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर) वेचून काढला आणि उरलेला १९९१ मध्ये सर्वांना खुला केला. त्यावर आधारलेली प्रणाली एक लहान कंपनी विकू लागताच १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने दावा ठोकला. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली, तेव्हा कोडच्या सुमारे १८,००० फायलींपैकी अवघ्या तीन काढाव्या लागल्या आणि इतर काहींत किरकोळ बदल करावे लागले. एवढ्यासाठी जवळजवळ दोन वर्षे त्या प्रणालीवर संशयाचे सावट राहिले! त्याच काळात फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली, जिच्यावर असा दावा नव्हता, झपाट्याने वाढली. म्हणजे नवे घडले, पण ज्यांचे काम जवळपास तयार होते ते मागे पडले.

याउलट आपल्या भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड पाहा. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) २०१६ मध्ये आणलेल्या यूपीआयवर कितीतरी ॲप एकमेकांशी झुंजतात, तरी तो एकच कोड सगळ्यांना चालतो, कारण पैसे पोचवण्याची खालची व्यवस्था सामाईक आहे.

साहेबांना एवढेच विचारा, की दावा पेटंटचा (शोधावरील एकाधिकाराचा) आहे की कॉपीराइटचा. भारतात निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. कॉपीराइट मिळतो, पण तो लिहिलेल्या कोडला, त्यामागच्या कल्पनेला नव्हे. (ग्राहक परदेशी असतील तर तिथल्या कायद्यासाठी वकील गाठावाच लागेल.) दावा कॉपीराइटचा असेल आणि वादातल्या फायली नेमक्या कोणत्या हे कळले, तर तेवढ्याच नव्याने लिहून घेता येतात.