केस चालू असताना नवरा त्रास देतोय, गप्प बसायचं का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. फॅमिली कोर्टात घटस्फोटाची केस चालू आहे, तुम्ही माहेरी राहताय आणि नवरा रोज रात्री नवनवीन नंबरवरून फोन करून शिव्या देतो, केस मागे घे म्हणतो, दोनदा तर ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहिला, आणि घरचे म्हणतात निकालापर्यंत गप्प बस, आता तक्रार केलीस तर केस बिघडेल. अहो, काही बिघडत नाही. घटस्फोट वेगळा, हा त्रास वेगळा, दोन्ही सोबत चालतं.

माझ्या मते आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करा. आता वेगळे राहताय म्हणून हा कायदा लागू होत नाही असं नाही, पूर्वी एका घरात राहिलात तेवढं पुरतं. मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं किंवा कलम २६ मुळे चालू असलेल्या केसमध्येच मागता येतं. कलम १८ ची संरक्षण ऑर्डर मागा, त्यात फोन, मेसेज, ऑफिस, माहेर सगळं स्पष्ट लिहून घ्या, आणि सोबत कलम २३ खाली अंतरिम ऑर्डर मागायला विसरू नका, कारण मूळ अर्जाला तारखांवर तारखा पडतात. ऑर्डर मोडली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला आजच एकच मेसेज टाका, "यापुढे मला फोन, मेसेज करू नका, भेटायला येऊ नका, जे असेल ते वकिलामार्फत कळवा." बस. त्यानंतर एकही रिप्लाय नाही, कितीही राग आला तरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे, त्यात बाईने स्पष्ट नकार दिलाय हे दिसावं लागतं, आणि तुमचा हा मेसेज म्हणजे तो नकार. चिडून तुम्ही चार शब्द उलटे लिहिलेत की समोरचा वकील नेमके तेवढेच स्क्रीनशॉट कोर्टात लावतो, फार वाईट वाटतं तेव्हा.

स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसू दे. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यात कुठल्या फोनमधून काढलं तेही लिहायचं असतं.

जीवे मारायची धमकी दिली किंवा अंगावर आला तर कोर्टाची वाट बघू नका, सरळ ११२ लावा. वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो.

आणि हो, ऑफिसच्या गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज, ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. तो आला त्या दोन्ही तारखा टाकून उद्या सकाळीच ऑफिसला लेखी अर्ज द्या, आणि त्याच्या कॉपीवर पोच घ्या.