दाजींनी घरी भरलेली 9 एमएम काडतुसं त्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून झाडणं सुरक्षित आहे का?

तुम्ही कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर .22 पिस्तूल चालवता, दिवाळीत बहिणीकडे अमेरिकेला जाताय, आणि दाजी घरीच भरलेली 9 एमएमची काडतुसं घेऊन तुम्हाला रेंजवर नेणार आहेत. धोका किती, आणि येताना आठवण म्हणून काही आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी नोकरीनिमित्त काही वर्षं तिकडे होतो, तिथल्या क्लबात रेंज सेफ्टीचं काम बघायचो. त्या अनुभवावर सांगतो.

आधी कायदा, कारण दाजी तिथले नागरिक असतील तर ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही नसणार. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या माणसाने शस्त्र किंवा काडतूस बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर तासाभरापुरतं हातात घेतलं तरी तोच कायदा आडवा येतो. मुख्य सवलत म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना तुमच्या नावावर असणं. शिकारीला जायची गरज नाही, परवाना मात्र खिशात हवा. काही राज्यांत त्यासाठी आधी कोर्स करावा लागतो, तेव्हा दाजींना आत्ताच चौकशी करायला सांगा.

आता काडतुसं. घरी भरलेलं काडतूस म्हणजे धोकादायकच, असं नाही. तिकडे चांगले नेमबाज वर्षानुवर्षं स्वतःचीच काडतुसं वापरतात, आणि नीट भरलेलं काडतूस कारखान्याच्या मालापेक्षा एकसारखं निघू शकतं. पण तिथल्या जुन्या मंडळींचा एक नियम मला पटलेला आहे: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही. पिस्तूलही दाजींचंच असल्याने तुमच्या बाबतीत तो नियम थोडा सैल होतो, पण हात आणि डोळे तुमचेच असणार आहेत. म्हणून त्यांची पद्धत विचारून घ्या. टेबलावर एका वेळी दारूचा, म्हणजे काडतुसात भरायच्या स्फोटक पावडरीचा, एकच डबा असतो का? प्रत्येक पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, डोकावून मगच गोळी बसवतात का? भरलेल्या काडतुसांच्या डब्यावर तारीख, दारूचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं का? उत्तरं फटाफट आली तर माणूस शिस्तीचा. ‘अरे, काही होत नाही’ असं म्हणाले तर दुकानातून कारखान्याचा एक डबा विकत घ्या. पाहुणा म्हणून संकोच करू नका. पिस्तूल बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्याही माहितीपुस्तकात घरी भरलेली काडतुसं वापरू नका असंच छापतात.

डोकावून बघण्यावर एवढा भर देतोय, कारण 9 एमएमच्या पुंगळीत दारू चिमूटभरच लागते. काही दारूंनी पुंगळी अर्धीही भरत नाही, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी ती आत मावते आणि वरून गोळी व्यवस्थित बसते. बाहेरून काही कळत नाही. या काडतुसाचा कमाल दाब मुळातच 35,000 पौंड प्रति चौरस इंच धरलेला आहे, आपल्या .22 ला तो 24,000 असतो. दुप्पट दारूने पुंगळीचं बूड फाटलं की गॅस मॅगझिनच्या, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या पेटीच्या, वाटेने खाली, म्हणजे थेट तुमच्या मुठीकडे येतो.

पण मला खरी भीती उलट्या चुकीची वाटते, दारू पडलीच नाही त्याची. नुसता प्राइमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, पेटतो, गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत अडकून बसते. आवाज फुसक्या बारासारखा, हाताला झटका जवळजवळ नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये पुढच्या वेळी चाप ओढला की नवं काडतूस आपोआप समोर येतं, त्यामुळे तिथे धोका उघड असतो. सेमी-ऑटोमॅटिकची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, काडतुसाच्याच जोरावर मागे जाते. जोरच नसला तर ती जागची हलत नाही, पुढचं काडतूस चढत नाही. म्हणजे यंत्र तुम्हाला थांबवतं. पण तिकडे स्वसंरक्षणासाठी शिकलेल्या लोकांच्या हातात एक सवय मुरलेली असते: पिस्तूल अडलं की मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागे, परत चाप. डोकं विचार करायच्या आत हात हे करून मोकळा होतो, आणि दुसरी गोळी अडकलेल्या पहिलीवर जाऊन आदळते. नळी फुगते, नाहीतर फुटते. थोडीशी दारू पडलेली असेल तर स्लाइड स्वतःच पुढचं काडतूस चढवू शकते, ते त्याहून वाईट.

इथे तुमची कोल्हापूरची तालीम कामाला येईल. आपल्याकडे 25 मीटरला काही बिघडलं की पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून धरायचं, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची, हे पहिल्यापासून शिकवतात. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारातही हाच नियम. दाजी ‘ओढ स्लाइड’ म्हणाले तरी ओढू नका. आवाज वेगळा आला, झटका कमी वाटला की थांबा. नुसताच खटका वाजला असेल तर निदान अर्धा मिनिट नळी समोरच ठेवा, कधीकधी दारू उशिरा पेटते. मग मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामं करा, पिस्तूल खोलून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

सुरू करण्याआधी दाजींकडून एक चाचणी करून घ्या. पिस्तुलाची नळी सुटी काढून हातात धरायची आणि काडतूस चेंबरमध्ये नुसतं सोडायचं. ते टक्कन बसलं पाहिजे, बोटाने गरगर फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप पडलं पाहिजे. अडकत असेल तर तो डबा बाजूला. प्राइमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत हवा, वर आलेला नको. गोळी अंगठ्याने दाबून बघा, आत सरकता कामा नये. सैल गोळी चढताना आत दबली की दारूला जागा कमी पडते आणि दाब एकदम वाढतो. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवू नये, तेही याचसाठी.

पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. ते झाडल्यावर स्लाइड मागे अडकून राहिली, तर जोर पुरेसा आहे असं समजायचं. मग दोन, मग पुढे. चष्मा आणि कानाचं तुम्हाला सांगायला नको. बंद गळ्याचा शर्ट मात्र घाला. 9 एमएमची तापलेली पुंगळी कॉलरमध्ये शिरली की भलेभले पिस्तुलासकट वळतात, आणि मग नळी कुणाकडे रोखली जाते त्याचं भान राहत नाही. नंतर हात साबणाने धुवा, शिसं असतं.

आणायचं म्हणाल तर काहीही नको, रिकामी पुंगळीसुद्धा नको. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच मोडतात, आणि 9 एमएम तर आपल्याकडे सर्वसामान्यांना निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे. घरी काडतुसं भरायचा विचारही इथे करू नका, त्याला उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. तसंही आपल्या .22 चं पेटतं मिश्रण बुडाच्या कडेतच असतं, ती पुंगळी घरी परत भरण्याजोगी नसतेच.

रेंजवर नेलेली बॅग विमानात नेऊ नका. शर्टाचा खिसा, पँटची दुमड, बुटाची जीभ, सगळं झटकून मगच सामान भरा. उडालेल्या पुंगळ्या नेमक्या तिथेच सापडतात, आणि विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये त्या स्पष्ट दिसतात.