जो आलाच नाही त्याचं मत

हाय,

तुझ्या कादंबरीची फाइल वाचली. नकाशा झकास जमलाय, 1911 ला चीनचं चिंग घराणं कोसळल्यावर सगळे मंगोल एका राज्यात आले ही कल्पनाही मस्त, पण विधानसभेच्या प्रकरणाला आले आणि गाडी अडली. सभापती मधे, सत्ताधारी एका बाजूला, विरोधक समोर, बाकं वाजवणं, सभात्याग, सगळं तेच. अगं हे तर आपण रोज टीव्हीवर फुकट बघतो, त्यासाठी वाचकाला मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरपर्यंत कशाला न्यायचं?

सभागृह कसं दाखवू असं तू विचारलंस म्हणून सांगते, खुर्च्या कशा मांडल्यात ते नंतर बघू, आधी हे ठरव की तुझ्या सभेला कोण येत नाही आणि तो नाही आला तर नेमकं काय होतं. मंगोल सभांचा बराचसा इतिहास हा हजेरीचा इतिहास आहे. चंगीज खानाचा मुलगा ओगेदेई खान 1241 ला गेला आणि पुढचा खान बसायला 1246 उजाडलं. मधली जवळजवळ पाच वर्षं त्याची बायको तोरेगेने कारभार बघत होती, मुलाला म्हणजे गुयुकला गादीवर बसवायचं तिचं पक्कं ठरलेलं, पण तिकडे रशियात व्होल्गा नदीकाठी बसलेला ओगेदेईचा पुतण्या बातू तब्येतीचं कारण सांगून येतच नव्हता, आणि इतका वजनदार माणूस नसताना कुरुलताई, म्हणजे खान निवडायची सभा, उरकली तर उद्या तो म्हणणार की मी कुठे होतो, मला नाही मान्य. शेवटी त्याच्याशिवायच उरकली. पुढे 1248 ला गुयुक फौज घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि वाटेतच मेला, नाहीतर दोघांची जुंपलीच असती असं बऱ्याच जणांना वाटतं.

त्या 1246 च्या सभेला पोपने पाठवलेला एक म्हातारा साधू हजर होता, प्लानो कार्पिनी. त्याचं वर्णन जरूर वाच. पांढराशुभ्र तंबू, त्याच्या अंदाजाने दोन हजारांहून जास्त माणसं मावतील एवढा, भोवती लाकडी कुंपण आणि त्यावर चित्रं. पहिल्या दिवशी सगळे सरदार पांढऱ्या कपड्यांत, दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी निळे, चौथ्या दिवशी जरीचे. दुपारपर्यंत आत खल चालायचा आणि मग घोडीचं दूध प्यायला बसायचे ते थेट संध्याकाळपर्यंत. पण मला त्यात सगळ्यात आवडतात ती दारं. कुंपणाला दोन दारं होती, एक फक्त खानासाठी, सताड उघडं, पहारेकरी नाही काही नाही, आणि तरी तिथून आत शिरायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दारावर मात्र तलवारी आणि धनुष्यबाण घेतलेले पहारेकरी. असं एक बिनपहाऱ्याचं दार तुझ्या आधुनिक इमारतीत असू दे ना. बाकी आर्किटेक्चरची चार पानं सरळ उडव.

1260 चं प्रकरण तर तुला आयतंच मिळालंय. मोंगके खान मेल्यावर एक कुरुलताई त्याचा भाऊ कुबलाईने दक्षिणेत कायपिंगला भरवली, दुसरी कुबलाईच्या धाकट्या भावाने, अरिक बोकेने, मंगोलियात, दोन्हीकडे खान निवडला आणि चार वर्षं भाऊ-भाऊ लढले. म्हणजे गैरहजर राहायची पुढची पायरी काय, तर आपली वेगळी सभा भरवायची. तुझ्या राज्यात हा धोका कायम डोक्यावर पाहिजे.

आता म्हणशील हे सगळं जुनं झालं. तर खऱ्या मंगोलियाचं 2025 चं बघ. तिथलं सभागृह म्हणजे राज्याचा थोर खुराल, एकच सदन, 1992 च्या घटनेपासून 76 जण होते, 2024 पासून 126 आहेत. पंतप्रधान होते ओयुन-एर्देने. त्यांच्या मुलाच्या ऐषारामी राहणीवरून तरुण मुलं चौकात उतरली, शेवटी यांनी विश्वासमत मागितलं. मतं पडली 82, बाजूने 44, विरोधात 38. म्हणजे जिंकले की! नाही, हरले. कारण नियम हजर असलेल्यांच्या बहुमताचा नव्हता, एकूण 126 च्या बहुमताचा होता, 64 लागत होती. ज्यांनी मत दिलंच नाही त्यांच्यामुळे सरकार पडलं. तुझ्या कादंबरीचं मधलं प्रकरण इथे तयार आहे बघ, फक्त नावं बदल. (आणि तिथल्यांना मनात आणलं तर हजर राहताही येतं हं, 2015 ला आपले पंतप्रधान तिकडे गेले होते तेव्हा त्यांच्या भाषणासाठी चक्क रविवारी खास बैठक भरवली होती.)

जागा वाटायचं बघ, तिथे तू घाई केलीयेस. प्रत्येक प्रांताला सारख्या जागा असं लिहून मोकळी झालीस. तुझ्या नकाशात इनर मंगोलिया आहे, म्हणजे आज चीनमधे असलेला मंगोल प्रदेश. आज तिथे दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास माणसं राहतात, त्यात मंगोल साधारण बेचाळीस लाख, बाकी बहुतेक चिनी, आणि अख्ख्या स्वतंत्र मंगोलियाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या घरात, त्यातले निम्मे उलानबातरमधेच. म्हणजे लोकसंख्येप्रमाणे जागा दिल्यास तर मंगोल राज्याच्या सभेत मंगोलच अल्पमतात. सारख्या दिल्यास तर दक्षिणेकडचा चिनी शेतकरी विचारणार की आमच्या मताला किंमत नाही का. हे भांडण टाळू नकोस, तुझं अर्धं पुस्तक यावर उभं राहील. आणि तुझ्या इतिहासात चिनी शेतकऱ्यांचं तिकडे होणारं स्थलांतर कधी थांबलं की थांबलंच नाही, ते आधी ठरव, त्यावर सगळे आकडे हलतील. पक्षांचं म्हणशील तर एका मतदारसंघातून एक अशी पद्धत ठेवलीस तर काय होतं तेही बघून घे, 2000 साली मंगोलियात सुमारे निम्म्या मतांवर एका पक्षाला 76 पैकी 72 जागा मिळाल्या होत्या.

काल्मिक, म्हणजे रशियातल्या मंगोल लोकांच्या प्रतिनिधीचं काय करणार आहेस? तो बिचारा कॅस्पियनच्या पलीकडून येणार. मला वाटतं 1990 ची व्यवस्था उचल. तेव्हा मंगोलियात 430 जणांचा मोठा खुराल होता, तो अधूनमधून भरायचा, आणि रोजचे कायदे करायला 50 जणांचा छोटा खुराल. दोनच वर्षं चालली ती व्यवस्था, पण तुझ्या एवढ्या पसरट राज्याला ती फिट बसते. राजधानीत बसलेले पन्नास जण हळूहळू आपल्यालाच राज्य समजायला लागतात आणि लांबचे चारशे उन्हाळ्यात येऊन हिशोब मागतात. त्यात एखाद्या वर्षी मोठा झुद पडू दे. बर्फाखाली गवत गाडलं जातं, जनावरं लाखांनी मरतात, अशा वेळी गुराखी कळप सोडून सभेला येणार कसा? आणि तेवढ्यात पन्नास जणांनी कुरणांचा कायदा पास केला तर?

कायदा कुरणांचाच घे, दुसरा कुठला नको. मंगोलियाच्या खऱ्या घटनेत लिहिलंय की पशुधन ही राष्ट्राची संपत्ती आहे आणि राज्य तिचं रक्षण करेल, आणि जमीन नागरिकाच्या मालकीची होऊ शकते पण कुरण नाही. तुझ्या पात्रांनी भांडावं तर यावर भांडावं. तो सम्राटाच्या अंगठीचा कट मला अजिबात पटलेला नाही, काढून टाक.

हो, आणि खासदार असून मंत्रीही असलेल्या माणसाला मंगोलियात लोक दुहेरी डील घातलेला म्हणतात, डील म्हणजे तो लांब डगला. 2019 ला घटनेत असे मंत्री चारपर्यंतच ठेवायचं ठरलं, 2022 ला ती अट काढूनही टाकली. तुझा तो लोभी अर्थमंत्री याच्यात चपखल बसतो.

पुढच्या खेपेला मंत्र्यांची यादी आणि राष्ट्रगीत नको पाठवूस. कोरम कितीचा, बहुमत हजर असलेल्यांचं की एकूण सदस्यांचं, आणि हजेरी कोण घेतो, एवढं लिहून पाठव. ते हाती आलं की छोट्या खुरालच्या पहिल्या बैठकीवर बोलू. फोन रात्री नऊनंतर कर, तोवर मी कामात असते.

मावशी