पॅनमध्ये उरलेल्या काळ्या वाळूतून बारीक सोनं वेगळं कसं करायचं?

तुमच्याकडे अर्धी बादली काळी वाळू साठली आहे, उन्हात धरली की तिच्यात पिठासारखं सोनं चमकतं, पण पॅन (नदीतली वाळू पाण्यात धुऊन सोनं शोधायचं पसरट भांडं) कितीही हलवला तरी दोन्ही एकत्रच फिरतात आणि एकत्रच वाहून जातात, असं तुम्ही लिहिलंय. नवा पॅन घ्यावा का, असंही विचारलंय. पॅन आहे तोच ठेवा. चाळण्या घ्या.

मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि सुट्टीला अमेरिकन नदीवर जातो. याच नदीच्या दक्षिणेकडच्या फाट्यावर, कोलोमाला, २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सोनं दिसलं आणि पुढे जगभरातली माणसं इथे लोटली, तोच गोल्ड रश. आता आम्हा हौशी लोकांच्या वाट्याला येतं ते पीठ. मोहरीएवढा कण सापडला तर मी आठवडाभर फोटो दाखवत फिरतो.

आता सोनं वेगळं का होत नाही ते बघा. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. नदीतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते, म्हणून ते थोडं हलकं. काळी वाळू म्हणजे बहुतेक मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, ते साधारण ५.२ पट जड. साधी पांढरी वाळू २.६५. म्हणजे सोन्यात आणि काळ्या वाळूत फरक भरपूर आहे, तरी पॅनमध्ये तो दिसत नाही, कारण कणांचा आकार मध्ये येतो. इतक्या बारीक कणांत काळ्या वाळूचा कण सोन्याच्या कणापेक्षा साधारण दुप्पट रुंद असला की दोघं पाण्यात एकाच वेगाने बुडतात. त्यातून सोनं चपटं असलं तर आणखी सावकाश. आई तांदूळ रोळायची तेव्हा खडे तळाशी राहायचे, कारण खडा आणि दाणा साधारण एका मापाचे. त्याच तांदळात निम्मी कणी असली की रोळणाऱ्याची काय तारांबळ उडते ते आठवा. तुमच्या बादलीत नेमकं तेच चाललंय.

म्हणून वाळू आधी पूर्ण वाळवा आणि ३०, ५० आणि १०० मेशच्या (मेश म्हणजे एका इंचात किती भोकं) चाळण्यांतून क्रमाने चाळा. त्यांची भोकं साधारण ०.६, ०.३ आणि ०.१५ मिलिमीटरची, म्हणजे प्रत्येक वेळी निम्मी. त्यामुळे मधल्या दोन ढिगांत तरी सगळे कण दुपटीच्या आत येतात. चार ढीग होतील. ते पुन्हा एकमेकांत मिसळू नका. (मी एकदा जागा वाचवायला दोन ढीग एका डब्यात भरले. पुन्हा चाळत बसलो.)

मग एक ढीग घ्या, पॅनमध्ये दोन चमचेच टाका आणि पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब घाला. नाहीतर चपटे कण पाण्यावर तरंगतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत काठावरून निघून जातात. पाणी अर्धा कपच ठेवा. पॅन किंचित तिरका करून सगळा ऐवज एका कोपऱ्यात आणा आणि पाणी अगदी हळू, एकाच दिशेने फिरवा. काळी वाळू पंख्यासारखी पुढे सरकते आणि मागे शेपटीला पिवळी रेघ उरते. ती पुढे जायच्या आत टोकाला नळी असलेल्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीने शोषून घ्या. रेघ दिसेनाशी झाली की पॅनच्या कडेवर बोटाने टकटक करा, ती पुन्हा उघडी पडते. वेळ लागतो. मी हे काम रात्री जेवण झाल्यावर, ओट्यावरच्या दिव्याखाली करतो.

लोहचुंबकाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पहिल्या वर्षी ओल्या वाळूत चुंबक बुडवला, त्याला काळा काटेरी झुबका लागला, तो झटकून मी फेकून देत गेलो. एक दिवस सहज तो झुबका दुसऱ्या पॅनमध्ये धुतला तर त्यात तेवीस कण निघाले. मॅग्नेटाइटचे कण एकमेकांना चिकटताना सोनं मुठीत धरल्यासारखं धरून ठेवतात. म्हणून चुंबक वापरायचाच तर प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वाळूत न खुपसता थोडा वर धरा आणि जे लागेल ते पाणी असलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडा. ते ढवळून पुन्हा उचला, असं दोन-तीनदा. काळ्या वाळूतली हेमॅटाइट आणि इल्मेनाइट ही दुसरी खनिजं साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाहीत, त्यामुळे थोडा काळेपणा उरणारच.

शेवटच्या चिमूटभर ऐवजासाठी पाणी नकोच. वाळवून गुळगुळीत कागदावर पसरा, कागद कलता धरून खालून टिचक्या मारा आणि अलगद फुंकर घाला. सूप हातात धरलेल्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही. फक्त पंखा बंद करा आणि शिंक आली तर तोंड फिरवा.

आपल्याकडे सराफाच्या दारातली माती धुणारे झारेकरी पारा वापरायचे, म्हणून कोणी तुम्हाला पारा सुचवेल. घरात अजिबात नको. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही आणि मेंदूवर परिणाम करते. इथल्या नद्यांत गोल्ड रशच्या काळातला पारा अजून आहे, त्यामुळे पॅनमध्ये एखादा कण चांदीसारखा पांढरा दिसला तर तो वेगळ्या काचेच्या बाटलीत, पाण्यात, झाकण लावून ठेवा. तापवून बघू नका.

आणि अर्धी बादली एकदम काढायला बसू नका. नीट ढवळून एक चहाचा कप भरून घ्या, तेवढाच वर सांगितल्याप्रमाणे शेवटपर्यंत न्या आणि निघालेलं सोनं मिलिग्रॅमच्या काट्यावर तोला. बादलीत असे किती कप आहेत ते मोजा आणि गुणाकार करा, म्हणजे सगळ्या बादलीत किती सोनं आहे ते कळेल. माझ्या पहिल्या बादलीचा हिशोब गाडीच्या पेट्रोलच्या खर्चाच्या खालीच आला होता. तरी मी ती पूर्ण केली, पण तो निर्णय तुमचा.