नळाच्या पाण्यातली वीज

प्रश्न : सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा औष्णिक वीजप्रकल्प उशाशी असताना ‘जुळे सोलापूर’ भागात राहणाऱ्या आम्ही घरात वीज वाचवून काय साधणार?

उत्तर : शंका रास्त आहे, पण तीत हिशेबाची एक गल्लत आहे. १,३२० मेगावॅटच्या त्या प्रकल्पातली वीज ग्रिडमार्फत, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यातून, अनेक राज्यांत जाते, म्हणून शहराच्या उत्सर्जनाचा ताळेबंद मांडताना जवळच्या प्रकल्पाचे धुराडे धरत नाहीत, शहराने वापरलेली वीज धरतात. ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराच्या खात्यावर वर्षाकाठी सुमारे अडीच टन चढतात. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा ३० च्या आसपास. आणि आपल्याकडे मार्चपासून पंखा रात्रंदिवस फिरतच असतो.

प्रश्न : महापालिकेने सुरुवात कोठून करावी?

उत्तर : माझ्या मते पाण्यापासून. चौकातले एलईडी दिवे सर्वांना दिसतात, पंपगृह कोणाला दिसत नाही, म्हणून ते चर्चेत मागे पडते. उजनी धरणाचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून शहरात येते, टाक्यांत चढवले जाते आणि मग आपल्या नळाला येते. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ ०.२७ युनिट लागते, पंप व मोटारीतील घट धरली की ०.४ च्या आसपास; जलवाहिनीतील घर्षणाचा भार वेगळाच. त्यामुळे गळणाऱ्या व्हॉल्व्हमधून पाण्याबरोबर आधीच खर्च झालेली वीजही गटारात जाते. प्रत्येक पंपगृहाने दरमहा ‘हजार लिटरमागे किती युनिट’ हा एकच आकडा जाहीर करावा. तो वाढू लागला की पंप झिजला आहे किंवा वाहिनीत अडथळा आहे, हे अभियंत्यांना लगेच कळते.

यात नागरिकांचाही वाटा आहे. काही दिवसांच्या अंतराने नळ येतो, तेव्हा अनेक घरांत पहिले काम असते ते पिंपातले ‘शिळे’ पाणी अंगणात ओतून देण्याचे. डासांसाठी भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत हे खरेच. पण ते पाणी ओतण्याऐवजी धुण्याला, फरशीला किंवा संडासात वापरावे. जे पाणी आपण शिळे म्हणतो, ते अनेक घरांत हौदातून गच्चीवर आपल्याच मोटारीने चढवलेले असते, म्हणजे त्याची वीज दोनदा भरलेली असते.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रस्त्याला टॉवेलचा कारखाना व डाइंग (सूत-कापड रंगवण्याचा विभाग) आहे. यंत्रमाग बदलणे परवडत नाही. दुसरा काही मार्ग?

उत्तर : माग राहू द्या, आधी बॉयलरकडे पाहा. वाफेच्या नळीजवळ हात नेताच धग लागत असेल, तर तुमचे जळण कारखान्याची हवा तापवण्यात जात आहे. नळीला खनिज लोकरीचे (रॉकवूलचे) वेष्टण घालण्याचा खर्च बहुधा लवकर वसूल होतो. वाफेचे निवून झालेले गरम पाणी सोडून न देता बॉयलरला परत द्यावे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक गरम असले, तर सुमारे १ टक्का जळण वाचते.

प्रश्न : ओला कचरा शेवटी कुजणारच. तो डेपोवर कुजला काय नि घरी कुजला काय, फरक काय?

उत्तर : फरक हवेचा आहे. ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि वीस वर्षांच्या मुदतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट ऊष्णता धरतो. भोके पाडलेल्या पिंपात हवा खेळत कुजला, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच निघतो, आणि तो भाजीने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. केळीच्या सालीवर, उरलेल्या भाकरीवर मूठभर वाळला पाला किंवा कडब्याची कुट्टी टाकावी व आठवड्याला ढवळावे. वास सुटला तर ओल जास्त झाली असे समजून पाला वाढवावा. ज्यांना घरी जागा नाही, त्यांनी निदान ओले-सुके वेगळे द्यावे. प्लॅस्टिक मिसळलेल्या कचऱ्याचे खत किंवा गॅस करणे अवघड जाते.

प्रश्न : भरपूर झाडे लावली की भागणार नाही का?

उत्तर : नाही. वाढलेले झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असा ढोबळ अंदाज धरला, तरी वर सांगितलेल्या अडीच टनांसाठी एका घराला सव्वाशे झाडे लागतील. झाड सावलीसाठी लावावे, शक्यतो पश्चिमेच्या भिंतीकडे, म्हणजे दुपारनंतरचे ऊन अडते. कडुनिंबाला पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे लागते. त्याला पिंपातले शिळे पाणी चालते.