माळ्यावर सापडलेला रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम नेमका कोणता, आणि तो थेट चालू करावा का?

आधी एक गोष्ट: राउटरचा तो १२ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. बाकीचं उत्तर निवांत वाचलंत तरी चालेल.

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत. रबरी बटणांचा, लेबल निघून गेलेला स्पेक्ट्रम (१९८०च्या दशकातला ब्रिटिश घरगुती संगणक) कोणत्या प्रकारचा, घरातला अडॅप्टर चालेल का, +, १२८, +२, +३ या नंतरच्या मॉडेलांत फरक काय, आणि पुण्यात बनलेला 'डीबी स्पेक्ट्रम+' विकायला आहे तो अस्सल की नक्कल. अडॅप्टरपासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथेच होतं.

राउटरच्या पिनेत आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं: ९ व्होल्ट डीसी, आत ऋण, बाहेर धन. दोन्हींची पिन ५.५/२.१ मिलिमीटरचीच असल्यामुळे ती अगदी छान बसते, हाच धोका आहे. उलट्या जोडणीपासून वाचवणारं आत काही नाही. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा होता. तो मिळाला तरी ४० वर्षांपूर्वीचा ट्रान्सफॉर्मर वापरू नये. गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्ट आणि आत ऋण असेच असतात आणि वाद्यांच्या दुकानात मिळतात. फक्त अँपिअर बघून घ्या, कारण पेडलचे बरेचसे अडॅप्टर अर्ध्या अँपिअरचेच असतात. आपल्याला किमान दीड हवेत, दोन असले तर उत्तम. लावण्याआधी मल्टिमीटरची काळी तार आतल्या पिनेला आणि लाल बाहेरच्या कड्याला लावून +९ येतात ना ते बघा.

आता यंत्राची ओळख. झेडएक्स८० (१९८०) आणि झेडएक्स८१ (१९८१) या काळ्या-पांढऱ्या भावंडांनंतर २३ एप्रिल १९८२ रोजी सिंक्लेअर रिसर्चने स्पेक्ट्रम जाहीर केला. १६के (म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा) १२५ पौंडांना, ४८के १७५ पौंडांना. हार्डवेअर रिचर्ड अल्टवासर यांचं, बेसिकची १६के रॉम प्रामुख्याने स्टीव्ह व्हिकर्स यांची, पेटी रिक डिकिन्सन यांची. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, आणि चित्र, रंग, कीबोर्ड, टेप हे सगळं सांभाळणारी फेरांटीची यूएलए नावाची एकच आयसी. चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचं, पण रंग मात्र ८ × ८ च्या चौकटीला दोनच, म्हणून दोन आकृत्या जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीवर सांडतो. हा बिघाड नाही. पडद्याची मेमरी ७ किलोबाइटच्या आत बसवण्यासाठी केलेली ती काटकसर आहे.

काटकसर हाच या यंत्राचा स्वभाव. त्याची बहुतेक दुखणीही तिथूनच येतात, म्हणून एक उदाहरण नीट सांगतो. ४८के म्हणजे १६ आणि ३२ असे दोन वेगळे भाग. खालच्या १६के साठी ४११६ जातीच्या आठ चिप्स आहेत. वरच्या ३२के साठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा चिप्स घेतल्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच नापास झाला होता आणि उरलेला अर्धा धड होता. त्या अर्थातच स्वस्त मिळायच्या. कोणता अर्धा धड आहे त्यानुसार बोर्डावर एक तारेचा जोड ठरतो. म्हणून वरची एखादी चिप बदलताना आठही चिप्स एकाच बाजूच्या हव्यात. किंवा पूर्ण ६४ किलोबिटची ४१६४ घालावी, ती कोणत्याही बाजूला चालते.

तुमचा १६के की ४८के, हे वरून कळणार नाही. चालू झाल्यावर हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के, ३२७६७ आलं तर १६के. मधलाच एखादा आकडा आला, तर वरच्या मेमरीतली चिप त्या पत्त्यापाशी खराब आहे. स्पेक्ट्रम सुरू होताना मेमरी तपासतो आणि जिथे अडखळतो तिथेच हद्द मानून पुढे जातो. म्हणून वरच्या मेमरीचा आजारी ४८के निरोगी १६के सारखा वागतो, आणि विकणाराही मग तो १६के म्हणूनच विकतो.

बोर्डाची आवृत्ती कळायला पेटी उघडावी लागेल. खालचे पाच स्क्रू काढा, पण वरचं झाकण झटक्याने उचलू नका. कीबोर्डच्या दोन पट्ट्या, एक पाच रेघांची आणि एक आठ रेघांची, बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांत पापडासारख्या कडक होतात. इश्यूचा, म्हणजे आवृत्तीचा, क्रमांक बोर्डावरच छापलेला दिसेल. इश्यू १ मध्ये वरची ३२के मेमरी वेगळ्या छोट्या पाटीवर बसते, आणि त्यांची बटणं फिकट राखाडी. इश्यू २ पासून सगळ्या चिप्स मुख्य बोर्डावर आल्या. त्यात रंग जुळवायला फिरकीचे छोटे स्क्रू आहेत, इश्यू ३ मध्ये ते गेले. बोर्डावर उलटी चिकटवलेली एखादी चिप किंवा झेड८०च्या पायांवर आडवा सोल्डर केलेला ट्रान्झिस्टर दिसला, तर 'कुणीतरी खटपट केलीय' म्हणून काढू नका. यूएलएमधल्या चुका झाकायला कारखान्यानेच केलेली ती डागडुजी आहे. न उघडता ओळखायची एक खूण: काहीही न दाबता प्रिंट इन २५४ दिलं की जुन्या बोर्डावर २५५ येतं, इश्यू ३ पासून पुढे १९१. या एका बिटच्या फरकामुळे अगदी सुरुवातीचे काही गेम नव्या बोर्डावर कीबोर्ड वाचत नाहीत.

पहिल्यांदा वीज देताना टीव्हीपेक्षा मल्टिमीटर महत्त्वाचा. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात, आणि ती एका चिपवरच मोजता येतात: पीन १ वर −५, पीन ८ वर +१२, पीन ९ वर +५, आणि पीन १६ जमीन. आधी वीज न देता या तीन पिनांचा जमिनीशी शॉर्ट नाही ना ते बघा. मग वीज देऊन पटकन मोजा. −५ येत नसेल तर लगेच बंद करा. −५ नसताना १२ मिळत राहिले तर या चिप्स जळतात. अशा वेळी दोषी बहुधा टीआर४ असतो, म्हणजे १२ आणि −५ तयार करणारा झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर. मागच्या उघड्या एज कनेक्टरवर (बाहेरची उपकरणं जोडायची बोर्डाची कड) चालू यंत्रात काही खोचलं किंवा ओढलं की हाच पहिला जातो. तो बदलताना शेजारचा टीआर५ (झेडटीएक्स२१३) आणि गुंडाळीची बारीक तार जळली नाही ना तेही तपासा, नाहीतर नवा ट्रान्झिस्टर तासाभरात जुन्याच्या वाटेने जाईल. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र न मोजता सगळे बदलावेत. ते स्वस्त आहेत आणि आता सुकलेले असणारच.

व्होल्टेज बरोबर, तरी पडद्यावर उभे पट्टे किंवा ठिपक्यांचा कचरा? मग खालच्या मेमरीतली चिप गेली आहे. बोट लावून जी इतरांपेक्षा चटका देईल तिच्यावर पहिला संशय. खात्रीसाठी तपासणी रॉमचं कार्ट्रिज मागून लावावं. यंत्र नीट असेल तर पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ उमटते.

टीव्हीचं म्हणाल तर आतला मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारा छोटा डबा) यूएचएफ ३६ व्या चॅनेलवर पाल सिग्नल देतो. अ‍ॅनालॉग ट्यूनर असलेला भारतीय टीव्ही तो पकडेल, पण चित्र अंधुक येतं. मॉड्युलेटरच्या डब्यात बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला आतून जोडलेला रेझिस्टर सोडवा, बोर्डाकडून येणाऱ्या दोन्ही तारा डब्यापासून अलग करा, आणि चित्राची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून (ऋण टोक सॉकेटकडे) मधल्या टोकाला द्या. ५ व्होल्टची दुसरी तार उघडी न ठेवता टेपमध्ये गुंडाळा. आता टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटवर चित्र मिळेल.

बटणं चालत नसतील तर न चालणाऱ्यांचा नमुना बघा. सलग पाच मेली असतील तर आठ रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली आहे. वरखाली विखुरलेली आठ मेली असतील तर पाच रेघांच्या पट्टीतली. पट्टीचं तुटलेलं टोक कापून पुन्हा खोचता येतं, पण ते थोड्या दिवसांचं काम. नवी मेम्ब्रेन (बटणांखालचा, या पट्ट्यांसकटचा पातळ पडदा) आजही तयार होते, तीच घ्यावी.

बाकीच्या प्रकारांकडे येऊ. स्पेक्ट्रम+ ऑक्टोबर १९८४ चा. आत तोच ४८के बोर्ड, बाहेर कडक बटणं आणि डाव्या बाजूला रीसेट. दिसायला श्रीमंत, आत काही नवं नाही, आणि कीबोर्डची मेम्ब्रेन आणखी गुंतागुंतीची. १२८ मध्ये खरा बदल झाला. स्पेनच्या इन्व्हेस्ट्रोनिका कंपनीबरोबर तो तयार झाला, सप्टेंबर १९८५ मध्ये आधी स्पेनमध्ये आला आणि ब्रिटनमध्ये १९८६ च्या सुरुवातीला. १२८के मेमरी, तीन सुरांची एवाय-३-८९१२ आवाजाची चिप, आरजीबी मॉनिटरची सोय, आणि उजव्या कडेला बाहेर काढलेला मोठा हीटसिंक. सिंक्लेअरने घडवलेला हा शेवटचा स्पेक्ट्रम, आणि सगळ्या घराण्यात मला हाच उजवा वाटतो.

७ एप्रिल १९८६ रोजी अ‍ॅमस्ट्रॅडने संगणकांचा हा धंदा ५० लाख पौंडांना घेतला. त्याच वर्षीचा राखाडी +२ म्हणजे बहुतांशी १२८ चाच बोर्ड, शेजारी टेपरेकॉर्डर बसवलेला. १९८७ चा +३ म्हणजे तीन इंची डिस्क ड्राइव्ह, आणि अ‍ॅमस्ट्रॅडने नव्याने आखलेला बोर्ड. नंतरचे काळे +२ए आणि +२बी हे +३ च्याच बोर्डावर, डिस्कऐवजी टेप घातलेले. इथे लोक फसतात: नाव +२ च, पण राखाडी आणि काळा ही वेगळी यंत्रं आहेत. काळ्याच्या आणि +३ च्या एज कनेक्टरवरचे काही सिग्नल बदलल्यामुळे इंटरफेस १ सारखी जुनी उपकरणं त्यांवर चालत नाहीत, आणि काही मोजके गेमही अडतात. वीजही वेगळी: राखाडीला तेच ९ व्होल्ट आत ऋण, तर काळ्याला +५, +१२ आणि −१२ देणारा सहा पिनांचा गोल प्लग. +३ 'ड्राइव्ह तयार नाही' म्हणत असेल तर ड्राइव्हचा रबरी पट्टा चिखल झालेला असतो. आयसोप्रोपिलने पुली साफ करा आणि नवा चपटा पट्टा बसवा, दहात आठ वेळा तेवढ्यावर भागतं.

ब्रिटनबाहेर हे घराणं फार फोफावलं. टाइमेक्सचा अमेरिकी २०६८ रॉम वेगळी असल्याने बहुतेक स्पेक्ट्रम प्रोग्रॅम चालवत नाही, पण पोर्तुगालचा टाइमेक्स २०४८ चालवतो. ब्राझीलचा टीके९०एक्स, चेकोस्लोव्हाकियाचा डिडाक्टिक, रोमानियाचा एचसी-८५, रशियाचा पेंटॅगॉन हे सगळे परवान्याशिवायचे. पेंटॅगॉनमध्ये यूएलए नाहीच, तिचं काम साध्या लॉजिक चिप्स करतात.

पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम+ त्या यादीत बसत नाही. डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये तो परवाना घेऊन बाजारात आणला, म्हणजे नक्कल नव्हे. आत ४८केच आहे, १२८ ची अपेक्षा धरून जास्त पैसे मोजू नका. विकणाऱ्याकडून दोन फोटो मागवा: वर दिलेल्या पीकचं उत्तर पडद्यावर दिसणारा एक, आणि पेटी उघडून यूएलए व झेड८० वरचे क्रमांक वाचता येतील असा दुसरा. मेमरीच्या चिप्स आजही मिळतात, पण मेलेली यूएलए बदलायची तर दुसऱ्या मेलेल्या स्पेक्ट्रममधून काढावी लागते किंवा हौशी लोकांनी बनवलेली पर्यायी पाटी मागवावी लागते, आणि तिची किंमत तुम्ही देऊ केलेल्या रकमेच्या बरीच जवळ जाते. उघडायला तो तयार नसेल तर 'चालत नाही' या भावानेच सौदा करा.